एकदा सांगितलं की टाइप झालं पाहिजे

वेबसाइट करून घ्यायला माझ्याकडे जो येतो त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, डॉट कॉम मिळेल ना?" सांगली-मिरजेच्या पट्ट्यात मी हे काम करते. हळदीचे व्यापारी, तासगावचे बेदाणेवाले, क्लासवाले, दातांचे डॉक्टर, अधूनमधून एखादं मंगल कार्यालय. बहुतेकांचं नाव मनात पक्कं झालेलं असतं, कित्येकांनी ते दुकानाच्या पाटीवर रंगवूनही घेतलेलं असतं. आणि नेमकं तेच नाव इंटरनेटवर भलत्याच कुणाकडे असतं. मग खटपट सुरू होते. पुढे 'द' लाव, मागे 'ऑनलाइन' जोड, मध्ये एक आडवी रेघ घाल, शेवटी २४ नाहीतर १०८ टाक. 'अव्हेलेबल' अशी हिरवी खूण दिसेपर्यंत भर घालत राहायची. नाव मिळतं एकदाचं, पण ते गिऱ्हाइकाला तोंडी सांगता येत नाही.

म्हणून माझा आग्रह एवढाच असतो की डोमेन नेम निवडताना पहिला मान कानाला द्या. फोनवर एकदा सांगितलं आणि समोरच्याने उलट न विचारता बरोबर टाइप केलं, तर ते नाव चांगलं. दिसायला देखणं, अर्थाने गहिरं, पत्रिकेत बसणारं वगैरे सगळं त्यानंतर.

नावाची यादी एका खोलीत होती तेव्हा

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. यंत्राला आकडे चालतात, माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नावं आली. सुरुवातीच्या काळात या नावांची एकच यादी होती आणि ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे. एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळायचे. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, ते यादीत नाव घालायचे. यंत्रं वाढली तशी यादी आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमची रचना मांडली आणि एका यादीचा कारभार अनेक ठिकाणी वाटला गेला. डॉट कॉम हे शेपूट त्यानंतर आलं. सिम्बॉलिक्स नावाच्या अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीने १५ मार्च १९८५ रोजी पहिलं डॉट कॉम नाव नोंदवलं.

तेव्हा हवं ते नाव मागावं आणि मिळावं अशी स्थिती होती. आज एकट्या डॉट कॉममध्ये १५ कोटींहून जास्त नावं नोंदलेली आहेत. सोपा इंग्रजी शब्द, देवाचं नाव, फुलाचं नाव, रागाचं नाव, 'श्री'पासून सुरू होणारं जवळपास काहीही, हे सगळं कधीच उचललं गेलंय. त्यामुळे एका सुट्या शब्दाचा हट्ट धरून बसलात तर दोनच वाटा उरतात. ज्याच्याकडे ते आहे त्याला तो मागेल तेवढे पैसे द्या, नाहीतर शब्द सोडा.

कारभार कसा चालतो तेही थोडक्यात समजून घेतलेलं बरं. सगळ्यांच्या वर 'आयकॅन' ही १९९८ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. तिच्या खाली प्रत्येक शेपटाची एक मुख्य नोंदवही असते. डॉट कॉमची व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे, आपल्या डॉट इनची 'निक्सी' या भारतीय संस्थेकडे. आपण ज्याच्याकडे पैसे भरतो तो रजिस्ट्रार, म्हणजे मधला विक्रेता. 'नाव विकत घेतलं' असं आपण म्हणतो, पण ते भाड्याचं असतं. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी मिळतं आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं.

चाचांची वही

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सांगते. मिरजेत सतार-तंबोरे करणाऱ्या एका घरातले चाचा आणि त्यांचा पुतण्या माझ्याकडे आले होते. पंढरपूरकडचे भोपळे आणून वाद्यं घडवणारं, तीन पिढ्या एकाच गल्लीत असलेलं घर. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून परगावाहून विचारणा वाढली होती. पुतण्याने वहीत नावं लिहून आणली होती. सर्वांत वर नादब्रह्म, मग स्वरराज, मग तंबोऱ्याची दोन-तीन नावं.

"बेटी, नाव असं पाहिजे की ऐकल्याबरोबर सूर आठवला पाहिजे," चाचा म्हणाले.

मी पुतण्याला सांगितलं, सोलापूरला तुझी बहीण असते ना, तिला फोन लाव. एकदाच नाव सांगायचं आणि व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांत टाइप करून पाठव म्हणायचं. स्पेलिंग सांगायचं नाही.

त्याने फोन लावला. "आपा, नादब्रह्म डॉट कॉम. एवढं टाइप करून पाठव." मिनिटभरात उत्तर आलं. तिने 'नाद'ला दोन ए लावले होते आणि 'ब्रह्म'मध्ये एमनंतर एच घातला होता. वहीत 'नाद'ला एकच ए होता आणि एच एमच्या आधी. हिशेब मांडला तर 'नाद' दोन तऱ्हांनी लिहिता येतं. 'ब्रह्म'मध्ये एच आधी किंवा एम आधी, शेवटी ए लावून किंवा न लावता, अशा चार तऱ्हा. म्हणजे एका नावाची आठ स्पेलिंगं, आणि आपण त्यातलं एकच घेणार. बाकी सात वाटांनी निघालेलं गिऱ्हाईक दुसरीकडे पोचणार. अर्थात डॉट कॉमवर हे नाव आधीच गेलेलं होतं, पण मोकळं असतं तरी मी घेऊ दिलं नसतं.

स्वरराजची गंमत आणखी वेगळी. डोमेन नेममध्ये दोन शब्दांत जागा सोडता येत नाही. 'स्वर'चा शेवटचा आर आणि 'राज'चा पहिला आर एकमेकांना चिकटतात. घाईत एक आर गळला की स्वरराजचं 'स्वराज' होतं, आणि तंबोरा शोधणारा माणूस भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. शिवाय पहिल्या अक्षरात व्ही घालायचा की डब्ल्यू, हा वाद आहेच. जोडशब्द करताना सांध्यावर एकच अक्षर दोनदा येत असेल तर ते नाव वहीतून तिथेच खोडावं.

मराठी नावांची खरी अडचण इथे आहे. आपण नाव मराठीत ठरवतो, उच्चार मराठीत करतो, आणि टाइप मात्र रोमन अक्षरांत करायला लावतो. या प्रवासात काही अक्षरं हमखास दगा देतात. 'ज्ञ' मराठी माणूस डी-एन-वायने लिहितो, हिंदीवाला जी-वायने, संस्कृत शिकलेला जे-एनने. त्यामुळे क्लासवाल्यांचं लाडकं 'ज्ञानदीप' तीन ठिकाणी फुटतं. 'क्ष'ला कुणी के-एस-एच लावतं, कुणी सरळ एक्स. 'ई'ला आय की दोन ई, 'ऊ'ला यू की दोन ओ, 'फ'ला पी-एच की एफ, 'झ'ला जे-एच की झेड, हे ज्याच्या त्याच्या शाळेवर अवलंबून. 'ळ'ला तर रोमनमध्ये घरच नाही. यातलं एखादं अक्षर नावात असलं तर हरकत नाही, पण दोन-तीन एकत्र आली की ते नाव तोंडी सांगण्याच्या कामाचं राहत नाही.

उलट काही शब्दांचं रोमन स्पेलिंग आधीच पक्कं झालेलं असतं. गावांची नावं यात पहिली. मिरजेचं स्पेलिंग काय हे कुणी विचारत नाही, ते रेल्वे स्टेशनच्या पाटीवर लिहिलेलं आहे. आडनावांचंही तसंच, निदान आपल्या गिऱ्हाइकांत तरी. तानपुरा, सतार, हळद, बेदाणा यांची इंग्रजीत रुळलेली नावं असतात, परदेशातला विद्यार्थी तीच टाइप करतो. आपण घरात 'तंबोरा' म्हणत असलो तरी मेलबर्नमध्ये बसलेला माणूस तानपुराच शोधणार.

हे बोलणं चालू असताना चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लोक आधी मिरजेला येतात. स्टेशनवर उतरून गल्ली विचारतात. आमचं नाव तिसरं." मग आम्ही तोच क्रम उलटा केला. घराण्याचं छोटं नाव आणि त्याला जोडून मिरज. सोलापूरला परत फोन गेला, आपांनी पहिल्या फटक्यात बरोबर टाइप केलं. डॉट इन मोकळं होतं, डॉट कॉमही. दोन्ही तिथल्या तिथे घेतली.

मोकळं नाव कसं हुडकायचं

हवं ते नाव गेलेलं असलं की मोडतोड करू नका, भर घाला. आणि भरही अशीच, जी तुम्ही बोलताना एरवीही घातली असती. 'आम्ही तासगावचे', 'आमचा बेदाण्याचा धंदा', 'आम्ही अमुक आडनावाचे' या तीन वाक्यांत गाव, माल आणि घर आलं. यातल्या कोणत्याही दोघांची जोडी करून बघा, बहुतेक वेळा मोकळी सापडते. स्वर गाळून नाव आखूड करण्याची फॅशन फ्लिकरने २००४ मध्ये शेवटचा ई वगळल्यापासून बोकाळली. त्यांच्याकडे सांगत सुटायला अख्खी दुनिया होती. आपल्याला प्रत्येक फोनवर "ई नाही बरं का" म्हणत बसावं लागेल.

नियम थोडेच आहेत. रोमन नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी येऊ शकत नाही. लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही. बिंदूच्या आधीच्या भागात ६३ अक्षरं बसतात, पण १५च्या पुढे गेलात तर व्हिजिटिंग कार्ड छापणारासुद्धा कुरकुरतो. आकडा घातला की "अंकात की अक्षरात?" हा प्रश्न आला. रेघ घातली की "मधली की खालची?" हा आला. दोन्ही टाळा.

मोठ्या लोकांनाही कानाची परीक्षा द्यावी लागली आहे. जेफ बेझोस यांनी १९९४ मध्ये आपल्या कंपनीला आधी 'कडॅब्रा' नाव दिलं होतं. त्यांच्या वकिलाला फोनवर ते 'कडॅव्हर', म्हणजे प्रेत, असं ऐकू आलं. नाव बदललं आणि ॲमेझॉन आलं.

नाव मोकळं आहे का, हे ब्राउझरमध्ये टाइप करून कळत नाही. पान कोरं आलं म्हणजे नाव रिकामं, असं मुळीच नाही. नाव घेऊन नुसतं ठेवून दिलेले लोक भरपूर आहेत. रजिस्ट्रारच्या शोधपेटीत किंवा आयकॅनच्या लुकअप पानावर बघायचं. आणि एकदा ठरलं की त्याच बैठकीत पैसे भरायचे. "घरी विचारून सोमवारी सांगतो" म्हणून गेलेल्यांचं नाव सोमवारी गेलेलं मी पाहिलंय. मोठ्यांचंही तेच होतं. जिओ आणि हॉटस्टार एकत्र येण्याची औपचारिकता पूर्ण होण्याआधीच या दोन नावांच्या जोडीचं डॉट कॉम एका तरुण डेव्हलपरने नोंदवून ठेवलं होतं. २०२४ मध्ये त्याने ते उघडपणे मोठ्या रकमेला देऊ केलं आणि देशभर चर्चा झाली. पाटी रंगवण्याआधी, पत्रकं छापण्याआधी, फेसबुकवर 'लवकरच येत आहोत' टाकण्याआधी नाव हातात हवं.

दुसऱ्याच्या नावाशी खेळ नको

नाव मोकळं आहे म्हणजे ते वापरायला आपण मोकळे, असं होत नाही. १९९९ मध्ये रेडिफने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला होता. समोरच्याने एक अक्षर बदलून 'रॅडिफ' असं नाव घेतलं होतं. न्यायालयाने रेडिफच्या बाजूने आदेश दिला. पुढे २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोमेन नेमलाही व्यापारी चिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं. तेव्हा प्रसिद्ध नावाला शेपूट जोडून किंवा एक अक्षर फिरवून धंदा उभा करू नका. सरकारच्या ट्रेडमार्क नोंदवहीत शोध फुकट घेता येतो. आपला माल कोणत्या वर्गात मोडतो ते बघून त्या वर्गात शोधायचं. चाचांच्या वाद्यांचा वर्ग १५ होता, तिथे त्या नावाशी मिळतंजुळतं काही सापडलं नाही, मगच पुढे गेलो.

आणखी एक सवय लावून घ्या. नाव पूर्वी कुणाकडे होतं का, हे इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर बघा. पूर्वी तिथे जुगाराची साइट असेल तर तिची अपकीर्ती नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते.

शेपूट कोणतं?

सामान्य दुकानदारासाठी डॉट इन किंवा डॉट कॉम, आणि जमलं तर दोन्ही. डॉट इन २००५ पासून सर्वांसाठी खुलं झालं आणि आता लोकांच्या सवयीचं झालंय. डॉट को हे मूळ कोलंबिया देशाचं शेपूट, डॉट एआय हे अँग्विला नावाच्या कॅरिबियन बेटाचं, डॉट टीव्ही तुवालूचं. दिसायला झोकदार, पण ऐकणारा 'को'च्या पुढे 'एम' आपसूक लावतो. अमेरिकेतल्या ओव्हरस्टॉक कंपनीने २०११ मध्ये 'ओ डॉट को' हे नाव मिरवायला घेतलं आणि थोड्याच काळात मागे घेतलं, कारण लोक 'ओ डॉट कॉम'कडे जात होते. काही शेपटं मात्र मुद्दाम राखीव ठेवलेली असतात आणि तोच त्यांचा उपयोग. रिझर्व्ह बँकेने आपल्याकडच्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर यायला सांगितलं. हे शेपूट बँकेशिवाय कुणाला मिळत नाही, त्यामुळे नकली बँकेची साइट ओळखणं सोपं होतं.

"मग सरळ देवनागरीतच नाव घेतलं तर?" हा प्रश्न मराठीच्या एका मास्तरांनी मला विचारला होता, आणि प्रश्न रास्त आहे. डॉट भारत हे देवनागरी शेपूट २०१४ पासून मिळतं, मराठी आणि कोंकणीही त्यात बसतात. ज्ञ, क्ष, ळ यांचं भांडण तिथे आपोआप मिटतं. आतल्या बाजूला यंत्र त्या नावाचं रोमन अक्षरांत रूपांतर करतं, एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं लांबलचक नाव होतं ते. कधी कधी ब्राउझरच्या पत्तापट्टीवर किंवा व्हॉट्सॲपवर लिंक पाठवल्यावर तेच दिसतं आणि लोक बिचकतात. देवनागरी ईमेल पत्ताही अजून सगळीकडे चालत नाही. म्हणून मास्तरांना मी म्हणाले, मुख्य नाव रोमनमध्ये ठेवा, देवनागरी नावही घ्या आणि ते मुख्य साइटकडे वळवा. मराठी वाचकांच्या पत्रकावर देवनागरीच छापा.

नाव कुणाच्या नावावर?

सगळ्यात जास्त डोकेदुखी मी इथे पाहिली आहे. दुकानदार म्हणतो, "ते सगळं आमच्या वेबसाइटवाल्याने केलंय." तपासलं तर डोमेन वेबसाइटवाल्याच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. पुढे तो पुण्याला नोकरीला जातो, फोन उचलत नाही, आणि दुकानदार स्वतःच्याच नावाबाहेर उभा. जमीन आपण कसायची आणि सात-बारा दुसऱ्याच्या नावावर, असं कुणी शेतकरी करेल का? खातं स्वतः उघडा, ईमेल स्वतःचा द्या, पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या. काम मी करते, पण खातं गिऱ्हाइकाच्याच फोनवर उघडायला लावते.

पैशाकडेही नीट बघा. पहिल्या वर्षाचा ९९ रुपयांचा भाव मोठ्या अक्षरांत असतो, नूतनीकरणाचा भाव बारीक अक्षरांत. खरा खर्च दुसऱ्या वर्षापासूनचा, साध्या डॉट कॉम किंवा डॉट इनला वर्षाला साधारण हजाराच्या आगेमागे. मुदत संपली तर नाव लगेच जात नाही. डॉट कॉमला काही दिवसांची सवलत असते, त्यानंतर जादा दंड भरून सोडवण्याचे ३० दिवस, मग ५ दिवसांत नाव पुसलं जातं आणि कुणालाही मिळू शकतं. हे विसरणं गरीब-श्रीमंत बघत नाही. १९९९च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट एका डोमेनचे पैसे भरायला विसरली आणि अनेकांना हॉटमेल उघडेना. शेवटी एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डवरून ३५ डॉलर भरले. तेव्हा आपोआप नूतनीकरणाचं बटण चालू ठेवा. आणि 'तुमचं डोमेन संपतंय, ताबडतोब भरा' असा अनोळखी मेल आला तर त्यातली लिंक दाबू नका. आपल्या रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः जाऊन तारीख बघा.

एवढं वाचून कुणी महिनाभर नाव शोधत बसणार असेल तर तेही मला मंजूर नाही. माझ्याकडे मी दोन दिवसांची मुदत घालते. पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी मिळून दहा नावं काढायची आणि सांध्यावर अडखळणारी, ज्ञ-क्षने भरलेली, आकडे-रेघांची नावं खोडायची. उरलेली तीन-चार नावं परगावच्या नातेवाइकांना फोनवर एकदाच सांगायची आणि काय टाइप होऊन येतं ते बघायचं. दुसऱ्या दिवशी ट्रेडमार्क बघायचा, शोधपेटीत बघायचं, जे मोकळं असेल ते स्वतःच्या खात्यातून घ्यायचं. दोन नावं तुल्यबळ निघाली तर जे आईला सांगायला सोपं तेच घ्यायचं, आणि तिसऱ्या दिवशी मालाचे फोटो काढायला लागायचं.